मागच्या सीटखालचं पाणी

गाडी वाडीत येऊन थांबली तरी मागच्या सीटवरची पोरं उठली नाहीत. मी सरकतं दार ओढलं, आत वाकले आणि सुयोगला हलवलं. त्यानं डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. उचलून घेतला तर त्याची मान माझ्या खांद्यावरून अशी लोंबली, की माझ्या अंगावर काटा आला.

त्याची आई सुनंदा रस्त्याकडेला छत्री धरून उभी होती.

"आजपण झोपला?"

"दमलाय. पहिलीचं पोर ते, पहाटे उठतंय."

"दमतंय खरं. पण वैनी, घरी आला की ओकतोय. कानशिलं धरून बसतोय. रविवारी कसं काय होत न्हाई त्याला?"

"गाडी लागत असंल. सकाळी जिभेखाली आवळासुपारी देत जा," मी म्हटलं.

सुनंदानं पोर खांद्यावर घेतलं आणि गेली. मागून आमची हर्षदा उतरली. पायरीवर तिचा तोल गेला, मी सावरलं. "आई, डोकं दुखतंय," ती म्हणाली, आणि घरात जाऊन दप्तरासकट आडवी झाली.

तेव्हा आमच्याकडे एक जुनी पेट्रोलची व्हॅन होती. माझे मालक, जोतीराम, वाडीतली आणि वाटेवरच्या वस्त्यांवरची पोरं तालुक्याच्या शाळेत न्यायचे-आणायचे. पोरांना चढवायला-उतरवायला मी सोबत असायची. हर्षदा दुसरीत होती. ती आणि सुयोग अगदी मागच्या सीटवर बसायची. ती जागा दोघं कुणाला देत नसत. मी बसायची सरकत्या दाराजवळ, तिथली काच पुरती लागत नसे. जोतीराम आपली खिडकी चार बोटं उघडी ठेवायचे, नाहीतर समोरच्या काचेवर वाफ धरायची.

आमच्या दोघांच्या डोक्यात त्या पावसाळ्यात एकच विषय होता, तो म्हणजे गाडीत शिरणारं पाणी.

चंदगडकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल तर सांगायला नको. तो एकदा लागला की लागतो. कपडे चुलीवर वाळवायचे आणि देवाला ओलंच फूल वाहायचं. तो पाऊस गाडीत कुठून तरी येत होता. सकाळी पायाखालची रबरी चटई उचलली की खाली तळं साचलेलं असे. पोरांची दप्तरं भिजायची. आत कायम ओल्या गोणपाटाचा कुबट वास. जोतीराम माणूस हट्टी. "घर गळलं तर आपण कौलं शाकारतो की न्हाई? मग गाडी गळकी कशी ठेवायची?" म्हणायचे.

तालुक्यातल्या दस्तगीर मिस्त्रींनी त्यांना एक गोष्ट सांगितली होती. गाडीत पाणी जिथं दिसतं, तिथून ते शिरलेलं नसतं. ते वरून कुठून तरी येतं, पत्र्याच्या आतल्या आत वाट काढतं आणि सगळ्यांत सखल जागी जाऊन बसतं. म्हणून शोधायचं तर एकानं बाहेरून पाणी सोडायचं आणि एकानं दारं-काचा लावून आत बॅटरी घेऊन बसायचं. बाहेरचा माणूस खालून वर सरकत जाणार, आतल्यानं थेंब दिसला की पत्र्यावर टकटक करायची.

आत बसणारी अर्थातच मी.

पहिली गळती सापडली समोरच्या काचेखाली. तिथल्या जाळीत वर्षानुवर्षांचा पालापाचोळा कुजून बसला होता, पाणी जायची भोकं तुंबलेली. जोतीरामांनी तार घालून ती मोकळी केली. दुसरी टपाच्या पन्हळीत निघाली, सांध्यातला मसाला उडालेला होता. तिथं सिलिकॉन भरलं. मग दारांची रबरं. हर्षदाच्या पावडरचा डबा घेऊन आम्ही रबरावर पावडर थापायचो, दार लावून उघडायचो, आणि जिथं समोरच्या पत्र्यावर पांढरी रेघ उमटली नसेल तिथं रबर बसत नाही असं समजायचो. मागचं दार तर सगळीकडंच सैल होतं. त्याचं रबर नवं घातलं. शेवटी मी बसायची तिथली काचही त्यांनी पट्टी ठोकून घट्ट केली. प्रत्येक कामानंतर ते टपावर थाप मारून म्हणायचे, "आता डबीसारखी झाली बघ."

पाणी कमी झालं, हे खरं. पण मागच्या सीटखालची ओल काही हटेना.

आणि पोरं मात्र जास्तच झोपू लागली. आधी फक्त मागची दोघं पेंगायची. आता मधल्या सीटवरचीही एकमेकांच्या खांद्यावर पडलेली असत. गाडीत गोंगाट कसला तो उरलाच नव्हता. मी मागं वळून बघायची, तर उघड्या तोंडांची ती रांग हिसक्यासरशी एकदम एका बाजूला कलायची, एकदम दुसऱ्या. मलाही डोकं जड वाटायचं. सासूबाईंनी ऐकलं आणि त्यांचा निकाल लगेच तयार होता.

"पिंपळाच्या वळणावर पोरं निजत्यात न्हवं? तिथं पूर्वीपासून हाय. गाडी तिथं हळू नका करू."

त्यांनी हर्षदावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. मी हसले नाही. खरं सांगायचं तर मलाही त्या वळणाची भीती वाटायला लागली होती. वळण आलं की मी हर्षदाला हाका मारायची, आणि ती ओ देईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. एकदा तिनं तीन हाकांना ओ दिली नाही. मी मागं जाऊन तिच्या गालावर चापट मारली, तेव्हा कुठं ती जागी झाली.

श्रावणातला सोमवार होता. शाळा दुपारी सुटणार होती. सकाळची फेरी करून आल्यावर जोतीराम म्हणाले, "आज ती शेवटची गळती काढूनच टाकू. तू मागं आडवी हो, सीटखाली बॅटरी धर. मी खालच्या अंगानं पाणी मारतो."

"इंजन बंद करा की."

"गाडीची बॅटरी बसलीया. बंद केली तर पोरांना आणायला ढकलत न्यावी लागंल. चालू राहू दे."

मी आत शिरले. त्यांनी सगळी दारं लावली. चटई गुंडाळून मी सीटखाली डोकं घातलं आणि तळाच्या पत्र्याला गाल लावून पडून राहिले. बाहेरून चाकाच्या कमानीवर पाण्याचा फवारा आदळत होता. खाली इंजनाची घरघर अंगात उतरत होती. बॅटरीच्या उजेडात तळाशी साचलेलं पाणी दिसत होतं, ताटलीएवढं.

ते पाणी उकळत होतं.

हात लावला तर थंडगार. पण त्यातून बुडबुडे येत होते. एक यायचा, फुटायचा, मग दुसरा. भात शिजत आल्यावर येतात तसे. मला वाटलं, टकटक करावी. सापडलं म्हणून सांगावं. मी हात उचलायला गेले आणि हात जागच्या जागी राहिला. माझा हात मला दिसत होता, बोटांतली बॅटरी दिसत होती, पण तो हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा पडला होता. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. फार बरं वाटत होतं. बुडबुडे बघत पडून राहावं, एवढंच वाटत होतं.

पुढचं आठवतं ते एकदम पाऊस तोंडावर. जोतीरामांनी मला काखेत हात घालून बाहेर ओढलं होतं आणि मी अंगणातल्या चिखलात गुडघ्यावर बसून ओकत होते.

"उपास झेपत न्हाई तर करतीस कशाला?" ते घाबरून रागावले होते. "किती हाका मारल्या मी."

मला बुडबुड्यांचं सांगायचं होतं. जीभ वळेना. "पाणी... उकळतंय," एवढंच बोलले. त्यांनी आईकडं पाहिलं. सासूबाईंनी मला पडवीत निजवलं, लिंबू-साखरेचं पाणी पाजलं. शाळा सुटायची वेळ झाली होती. "तू आज येऊ नको, पडून राहा," म्हणून जोतीराम गेले. पाऊस वाढला होता. जाताना त्यांनी मागच्या सगळ्या काचा नीट वर लावून घेतल्या, तेवढं मी पाहिलं.

डोक्यात घण पडत होते. दोन्ही कानशिलं तळव्यांत दाबून मी कुशीवर पडले होते. सुनंदा भाजणी मागायला म्हणून आली आणि दारातच थांबली.

"काय झालं हो वैनी?"

"डोकं गं."

ती जवळ बसली आणि माझ्या हातांकडं बघत राहिली.

"असंच धरतोय," ती म्हणाली.

"कोण?"

"सुयोग. अगदी असंच, दोन्ही हातांनी. आणि ओकतोय. तुमी आज गाडीतनं गेला हुता का कुठं?"

"न्हाई. नुसती आत पडून हुते. पाणी बघायला."

"गाडी उभीच हुती?"

"उभीच. इंजन चालू..."

आणि मला माझ्या माहेरची शेजारीण आठवली. मी लहान असताना थंडीत तिच्या बाळंतपणाच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवली होती आणि वारा नको म्हणून दारं-खिडक्या लावून फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. सकाळी आई आणि बाळ झोपल्यासारखी पडलेली होती. गाल लाल. धूर कुणाला दिसला नव्हता, वास कुणाला आला नव्हता.

ते पाणी आता वरून येतच नव्हतं, चाकांनी उडवलेलं खालून शिरत होतं. इतकी वर्षं पाणी साचून साचून सीटखालचा पत्रा कुजून त्याला भोकं पडली होती, आणि त्या पत्र्याच्या खालून सायलेन्सरची गंजलेली नळी जात होती. बुडबुडे त्या नळीतून निसटणाऱ्या धुराचे होते. आणि आम्ही महिनाभर गाडीची एकेक फट शोधून बुजवत आलो होतो.

मी उठले. कशी उठले ते देवाला माहीत. सुनंदाला सांगताना माझी वाक्यं पुरी होत नव्हती, पण तिला ती पुरी लागली नाहीत. फोनला आमच्याकडं पावसात कधीच रेंज नसायची. डेअरीचं दूध गोळा करणारा नरसू मोटारसायकल घेऊन कॅन उतरवत होता. सुनंदानं त्याचे कॅन स्वतः खाली टाकले आणि म्हणाली, "चल. नदीकडं. विचारू नको काही." आम्ही दोघी त्याच्यामागं बसलो.

नदीवर तेव्हा फरशी होती, म्हणजे पाण्यालगतचा सखल सिमेंटचा रस्ता, उंच पूल नव्हता. पोचलो तेव्हा फरशी पाण्याखाली गेलेली. लाल पाणी घोंगावत वरून वाहत होतं. आणि पलीकडं, पाण्याच्या कडेला, तोंड आमच्याकडं करून गाडी जराशी तिरपी उभी होती. दिवे लागलेले, वायपर हलत होते. पाणी उतरायची वाट बघत ते थांबले होते. इंजन चालू ठेवून.

हाकेच्या अंतरावर होते, पण त्या आवाजात हाक पोचत नव्हती. मी दोन्ही हात हलवले. जोतीरामांनी दिवे दोनदा मिचकावले. खिडकीतून हात काढून "थांबा, थांबा" अशी खूण केली. त्यांना वाटलं, आम्ही काळजीनं आलोय.

मागच्या काचांवर आतून दाट वाफ धरलेली होती. एकाही काचेवर कुणी बोटानं रेघ ओढलेली दिसत नव्हती. गाडी थांबली की पोरं आधी तेच करतात.

"उतरा. दार उघडा," मी ओरडत होते. सुनंदा ओरडत होती. नरसूनं हॉर्न दाबून धरला. जोतीरामांनी पुन्हा हात हलवला.

मग मी पाण्यात पाय घातला. नरसूनं मागून पदर धरला, मी तो सोडवला. पाणी पोटरीला आलं, गुडघ्याला आलं, आणि पायाखालून फरशी ओढली गेल्यासारखी झाली. तेव्हा जोतीराम गाडीतून उडी मारून बाहेर आले. दोन्ही हातांनी मला मागं जायला सांगत होते, शिव्या देत होते, मला त्यांच्या तोंडाच्या हालचाली दिसत होत्या. मी दोन्ही तळवे गालाखाली धरले आणि डोळे मिटले. झोप. मग गाडीकडं बोट केलं. मग दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला.

ते तसेच उभे राहिले. मी पुन्हा केलं. झोप, गाडी, गळा.

ते गाडीकडं वळले. सरकतं दार उघडलं आणि आत वाकले. मग मी त्यांना पळताना पाहिलं. जोतीरामांना मी एरवी कधी पळताना पाहिलेलं नाही. त्यांनी मागचं दार वर केलं आणि पोरं बाहेर काढायला लागले. एकेकाला उचलून आणायचे आणि पावसात रस्त्यावर ठेवायचे. सगळ्यांच्या अंगात शाळेतून घेतलेले पिवळे रेनकोट, टोप्या डोक्यावर ओढलेल्या. इकडून सगळी सारखी दिसत होती.

नरसूनं मला काठावर ओढून घेतलं होतं. सुनंदानं माझा हात धरला होता. पहिलं एक उठून बसलं. मग दुसरं. एक रांगत कडेला गेलं आणि ओकलं. सुनंदा पुटपुटत होती, बहुतेक विठ्ठलाचं नाव. शेवटी आणलेल्या दोघांपैकी एक हललं. हात वर केला, कूस बदलली.

दुसरं हललं नाही.

ती दोघं मागच्या दारातून काढलेली, म्हणजे मागच्या सीटवरची होती. एवढं मला कळत होतं, आणि सुनंदालाही. एक माझं होतं, एक तिचं. उंचीला सारखीच. पाऊस मध्ये पडद्यासारखा. जोतीराम त्या न हलणाऱ्या पोराजवळ बसले, त्याच्यावर वाकले, त्याची छाती चोळायला लागले.

सुनंदाचा हात माझ्या हातातून सुटला. तिनं सोडला की मी, हे मला आजही सांगता येणार नाही. आम्ही दोघी शेजारी उभ्या होतो आणि एकमेकींकडं बघत नव्हतो. मी देवाकडं काय मागत होते ते मला माहीत होतं. ती काय मागत होती तेही मला माहीत होतं. दोघींचं मागणं एकाच वेळी पुरं होणं शक्य नव्हतं.

जोतीरामांनी पोराला दोन्ही हातांवर उचललं. टोपी मागं पडली. लाल रिबिनीच्या दोन वेण्या खाली लोंबल्या.

मी खाली बसले.

पलीकडं दुसरं पोर आता उठून उभं राहिलं होतं, आमच्याकडं बघत होतं. सुयोग. त्यानं आईला ओळखलं होतं आणि तो हात हलवत होता. सुनंदानं त्याला हात केला नाही. ती माझ्याजवळ चिखलात बसली, माझं डोकं तिनं आपल्या छातीशी घट्ट धरलं, आणि पोराकडं पाठ केली.

जोतीरामांनी सगळ्या काचा खाली केल्या, मागचं दार उघडंच ठेवलं, हर्षदाला पुढच्या सीटवर खिडकीत तोंड येईल असं ठेवलं आणि पोरांना घेऊन गाडी तालुक्याकडं वळवली. गाडी दिसेनाशी झाली. आमच्यामध्ये पाणी होतं. दिवेलागणीच्या सुमारास ते उतरलं तोवर आम्ही तिथंच बसून होतो. मी काहीतरी विचारत राहिले असणार, कारण सुनंदा मधून मधून म्हणायची, "व्हय, व्हय, श्वास हुता. मी बघितला." इतक्या लांबून ते दिसणं शक्य नव्हतं.

नरसूनं आम्हाला सरकारी दवाखान्यात सोडलं. ओसरीतल्या बाकावर पोरं ओळीनं बसली होती, शालीत गुंडाळलेली, हातात बिस्किटं. सुयोग बाकावरून उतरून धावला. सुनंदानं जाता जाता त्याच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, "बस हितंच, आले," आणि माझ्याबरोबर आत आली.

हर्षदाच्या नाकातोंडावर प्राणवायूची नळी लावलेली होती. जोतीराम भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "श्वास चालू आहे. शुद्धीवर यायला हवी. अजून काही सांगत नाही." मी पायाशी बसले, सुनंदा उशाशी. ती हर्षदाच्या वेण्या सोडून ओले केस पदरानं पुसत राहिली. कुणीतरी चहा आणला, तो तसाच राहिला. बाहेरून मधूनच सुयोगची हाक यायची, "आई." ती ओ द्यायची नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. हर्षदाचा हात हलला. तिनं ती नळी ओढायचा प्रयत्न केला, कपाळाला आठ्या घातल्या आणि डोळे उघडून सुनंदाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. "आई, ओकायला होतंय," ती म्हणाली, आणि माझ्या हातांवर ओकली.

डॉक्टरीणबाई आल्या, तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाव विचारलं, गाव विचारलं. ती सगळं नीट बोलली. "वाचली हो तुमची," त्या म्हणाल्या. जोतीरामांनी गुडघ्यांत डोकं घातलं.

मी मान वर केली तेव्हा सुनंदा उशाशी नव्हती. ओसरीतून मला तिचा आवाज आला. पोराला पोटाशी धरून ती मोठमोठ्यानं रडत होती, आणि सुयोग गांगरून विचारत होता, "आई, मी काय केलं?"